जुनी नोंद काढा

लोकांचं इंटरनेट बंद पडलं की ते ज्या नंबरवर फोन करतात, तिथे मी बसतो. रोज साठेक माणसं माझ्यावर चिडतात. त्यातल्या पन्नासांनी वायरच लावलेली नसते. एका गृहस्थांनी राउटर गरम होतो म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवला होता, आणि नेट फक्त फ्रिज उघडल्यावर येतं अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, मग दार उघडं ठेवा. ती तक्रार आमच्याकडे 'समाधानकारकरीत्या निकाली' अशी पडून आहे.

आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद असतो. त्यावर चौदा पायऱ्या. पहिली, 'वीज आहे का?' चौदावी, 'माणूस पाठवतो.' मधली एकही पायरी गाळायची नाही, असा साहेबांचा दंडक आहे. चार वर्षांत त्या मला इतक्या पाठ झाल्यात की माझी बोटं त्या डोक्याला न विचारता उरकतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या डोक्याचा वाटा फार थोडा आहे.

त्या मंगळवारी मला सुट्टी होती आणि ताईची अकरा वाजता मुलाखत होती. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिच्या ऑफिसने गाशा गुंडाळला त्याला आठ महिने झाले होते. आधीआधी ती अर्ज पाठवल्यावर आम्हाला सांगायची, मग सांगेनाशी झाली, आणि मग संध्याकाळी गच्चीत एकटीच बसायला लागली. या ठिकाणी मात्र ती तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली होती. ही शेवटची. काम घरूनच करायचं होतं, म्हणून अटही तशीच होती: मुलाखत नोंदवलेल्याच लॅपटॉपवरून आणि घरच्याच वायफायवरून. फोनचं नेट जोडलेलं चालणार नाही. सव्वाअकरापर्यंत आत आला नाहीत तर गैरहजर. पुन्हा संधी नाही.

आई-बाबा सकाळी लवकरच बाबांचे डोळे दाखवायला गेले होते. घरात आम्ही दोघंच.

मी आठला उठून बाहेर आलो तर ताई हॉलमध्ये टेबलाशी बसलेली. केस विंचरलेले, शर्टला इस्त्री, दोन्ही तळहात बंद लॅपटॉपवर. ताई स्वतःहून आठच्या आत उठल्याचा एकही पुरावा आमच्या घरात उपलब्ध नाही.

"कोण तुम्ही?" मी म्हटलं. "आमच्या ताईचं काय केलंत?"

एरवी यावर एक उशी आली असती आणि उशीमागून 'माकडा' आलं असतं. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "चहा घेणार का?"

तिने चहा केला. चांगला झाला होता. तेही मला खटकायला हवं होतं.

साडेदहाला तिने लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह, त्यावर बारीक फुली. जोडता येत नाही.

"आपला पासवर्ड काय आहे?" तिने विचारलं.

पासवर्ड तिनेच ठेवलेला होता. माझ्याशी भांडण झालं त्या दिवशी. त्यात माझा अपमान आहे म्हणून तो इथे देत नाही. घरी पाहुणे आले की आई तो मोठ्याने वाचून दाखवते आणि ताई दर वेळी खोकला आल्यासारखं करून हसते. मी सांगितला. ताईने एकेक अक्षर जपून टाइप केलं. हसली नाही.

"टेन्शन आलंय का गं?"

"हो," ती म्हणाली.

जोडता येत नाही.

मी बाह्या सरसावल्या. "घाबरू नका मॅडम, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं माझ्या ऑफिसच्या आवाजात म्हणालो आणि पायरी एकपासून सुरुवात केली. वीज होती. राउटर बंद केला, मनात तीस मोजले, चालू केला. दिवे ओळीने लागले. लॅपटॉप बंद-चालू केला. 'हे नेटवर्क विसरा' केलं, विसरला, पुन्हा ओळख करून दिली. लॅपटॉप उचलून राउटरच्या फळीखाली नेला. माझा फोन त्याच वायफायवर मजेत चालत होता, टीव्हीही चालत होता. म्हणजे दुखणं राउटरचं नव्हतं. वायरने जोडावं तर या लॅपटॉपला वायरचं भोकच नाही. सडपातळ दिसावा म्हणून ते काढून टाकलंय.

या सगळ्या वेळात ताई एकदाही वैतागली नाही. मी हाताने खूण केली की सरकायची, पुन्हा केली की बसायची. असे ग्राहक मिळत नाहीत.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी, सातव्या का आठव्या प्रयत्नाला, पडद्यावरची ओळ बदलली.

हे यंत्र आधीच जोडलेलं आहे.

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे मूर्ख आहे तो," मी म्हटलं आणि पायरी अकरावर आलो. जोडलेल्या यंत्रांची यादी बघा.

ती यादी माझ्या फोनवर दिसते. प्रत्येक यंत्राला मीच नाव दिलंय. आई-बाबांचे फोन करडे, कारण ते घराबाहेर. टीव्ही हिरवा. माझा फोन, ताईचा फोन हिरवे. त्याखाली 'ताईचा लॅपटॉप'. हिरवा. जोडलेला. सिग्नलच्या पाचही काड्या भरलेल्या, आणि शेजारचे आकडे भराभर पळत होते. एवढा डेटा म्हणजे कोणीतरी व्हिडिओवर बोलतंय.

मी टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं. फुली तशीच होती.

यादी आणखी खाली सरकवली. सगळ्यात शेवटी पुन्हा एक ओळ. 'ताईचा लॅपटॉप'. करडी. ताटकळत असलेली.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक बारा अक्षरी क्रमांक मिळतो. दोन यंत्रांना एकच क्रमांक नसतो. मी दोन्ही ओळी उघडून क्रमांक ताडून बघितले. मग लॅपटॉप उलटा करून खालचं लेबल वाचलं. तिन्ही ठिकाणी तोच.

"असं होत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी ऑफिसात रोज लोकांना ऐकवतो, आणि त्यांच्याकडे ते झालेलं असतं.

प्रत्येक ओळीत आणखी एक तारीख असते: हे यंत्र या घरात पहिल्यांदा कधी जोडलं गेलं. हिरव्या ओळीची तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची होती, ताईने लॅपटॉप घेतला त्या आठवड्यातली. करड्या ओळीची आजची. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

"सहा वाजता लॅपटॉप उघडला होतास?"

"नाही. तुझ्यासमोरच उघडला ना आत्ता."

तेही खरं होतं.

माझा पहिला संशय शेजाऱ्यांवर गेला. दुसऱ्याचा क्रमांक उचलून फुकट नेट वापरणारे असतात. आमच्याकडे दर आठवड्याला असा एक येतो. पण शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडून पाच काड्या येत नाहीत. आमच्याच आतल्या खोलीत गेलं तरी तीन उरतात. पाच म्हणजे हॉल. पाच म्हणजे राउटरची फळी, सोफा, टेबल आणि आम्ही.

मी सोफ्याखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं. टीव्हीमागे हात घातला. दोन वर्षांपूर्वी हरवलेला माझा मोजा सापडला. लॅपटॉप नव्हता.

ताई खुर्चीतून माझ्याकडे वळूनही बघत नव्हती. "अकरा वाजले," एवढंच म्हणाली.

अकरा वाजून चार मिनिटांनी मी मुलाखतवाल्यांना फोन लावला. त्यांच्या पत्रात खाली एक नंबर होता. बाईंनी उचलला.

"मॅडम, माझ्या बहिणीची आज अकराला मुलाखत आहे. तिचं नेट चालत नाहीये. दहा मिनिटं वाढवून मिळतील का?"

मी नाव सांगितलं. पलीकडे की-बोर्ड वाजला.

"त्या आत आहेत की," बाई म्हणाल्या.

"नाही मॅडम, ती इथे आहे. माझ्यासमोर बसलीये."

"अहो, मी बघतेय ना. दहा पन्नासलाच आल्या. छान चाललंय त्यांचं. तुम्ही कोण म्हणालात?"

"भाऊ."

"निळा शर्ट?"

मी खाली बघितलं. शर्ट निळाच होता.

"तुम्ही त्यांच्या मागे उभे आहात," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा कडक झाला होता. "मुलाखत चालू असताना खोलीत दुसरं कोणी चालत नाही. सूचनांमध्ये लिहिलंय. बाजूला व्हा बरं."

मी ताईच्या खुर्चीच्या मागेच उभा होतो. समोर लॅपटॉप होता, त्याच्या कोपऱ्यात फुली होती, आणि कॅमेऱ्याशेजारचा दिवा विझलेला होता.

मी डावा हात हळूच खांद्यापर्यंत वर नेला.

"आता हात कशाला हलवताय?" बाई म्हणाल्या.

मी भिंतीला टेकलो. भिंत थंड होती आणि मला ती आवडली.

"हं, आता ठीक. लाईनवर राहा, तुमचं नाव टिपून घेते. असं केलं तर गुण कापले जातात, कळतंय का तुम्हाला?"

मी फोनवर तळहात ठेवला. "ताई."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तू आत आहेस."

मला वाटलं ती किंचाळेल. निदान मला वेड्यात काढेल. तिने घड्याळ बघितलं. अकरा वाजून नऊ.

"सव्वापर्यंतच आहे ना?"

"ताई, आत कोणीतरी बसलंय. आपल्या याच खोलीतून."

"मग काढ ना," ती म्हणाली. सरळ, शांत आवाजात, समोर बघत. "दोन सारख्या नोंदी दिसल्या की काय करता तुम्ही लोक?"

काय करतो ते पायरी अकराच्या खालच्या ओळीत आहे. *दोन सारख्या नोंदी दिसल्यास जुनी काढा, नवी राहू द्या.* जुनी नोंद म्हणजे मागच्या कधीतरीची, अडकून राहिलेली. यंत्र निघून गेलेलं असतं, राउटरला ते कळलेलं नसतं. नवी असते ती खरी, दारात उभी. हे मी चार वर्षांत शेकडो लोकांना सांगितलंय. एकदाही चुकलेलं नाही.

अकरा वाजून अकरा.

"काढ लवकर."

आठ महिने, गच्ची, तिसरी फेरी, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. अंगठ्यात फक्त पायरी अकरा होती.

मी हिरवी ओळ दाबून धरली. *नक्की काढायची? हे यंत्र आपणहून पुन्हा जोडलं जाणार नाही.*

हो.

खोलीतला एक आवाज थांबला.

तो चालू होता, हे मला तो थांबल्यावर कळलं. फ्रिजची घरघर बंद झाली की कळतं, तसं. पण ती घरघर नव्हती. खूप हलक्या आवाजात, न थांबता, कोणीतरी बोलत असावं तसं काहीतरी होतं.

"अरे, गोठल्या," फोनमध्ये बाई म्हणाल्या.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन सारख्या नोंदी आहेत हे मी ताईला सांगितलंच नव्हतं. फोन माझ्या हातात होता. तिची पाठ माझ्याकडे होती.

टेबलावरच्या लॅपटॉपची फुली गेली.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. पडद्यावर तीन माणसं आली, दोन पुरुष आणि मध्ये एक वयस्कर बाई. तिघंही किंचित पुढे झुकलेले, एखादी गोष्ट ऐकताना माणसं झुकतात तसे.

"आलात, आलात," वयस्कर बाई म्हणाल्या. "मध्येच गेलात तुम्ही. कठीण प्रसंगाचं सांगत होतात. रेकॉर्डरूमचं दार बाहेरून लागलं, तुम्ही आत एकट्याच, आणि…?"

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आठ तासांच्या कामाचं आठ तास वर्णन करणाऱ्या माझ्या बहिणीने ती घरी कधी सांगितली नव्हती.

ताई पाणी प्यायली. ग्लास जागेवर ठेवला.

"आणि मी शांत बसून राहिले," ती म्हणाली. "आतून दार वाजवलं की बाहेरचे घाबरतात. घाबरले की उघडत नाहीत. त्यापेक्षा कोणीतरी आपणहून उघडेपर्यंत थांबायचं."

तिघंही हसले. एकाने काहीतरी लिहून घेतलं.

मी भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होतो. यादीत आता एकच 'ताईचा लॅपटॉप' होता. हिरवा. पहिली जोडणी आज, सकाळी सहा वाजून दहा. काढलेल्या यंत्रांचं वेगळं पान असतं, ते उघडलं. तिथे दुसरा. शेजारी लाल अक्षरांत: जोडणीचे प्रयत्न, तीन.

मी बघत असताना चार झाले.

अकरा सेकंदांनी पाच.

सिग्नल, पाच काड्या.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. लॅपटॉप मिटून ताई खुर्चीत वळली आणि म्हणाली, "काय रे माकडा, जमलं की नाही?" आवाज तिचाच, सूर तिचाच, 'मा'वरचा दाबही तिचाच. मी हसलो. मग न्हाणीघरात गेलो, आतून कडी लावली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बराच वेळ बसलो.

नोकरी मिळाली. आईने सोसायटीभर सांगितलं. ताई रोज नऊच्या ठोक्याला टेबलाशी बसते, सहाला उठते, बाबांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालते. गच्चीत बसणं बंद झालं. "पोरगी माणसात आली हो," असं आई फोनवर मावशीला सांगते.

काढलेल्या ओळीशेजारी एक बटण असतं, 'परत घ्या'. ते दाबलं की ती आत येते. पण एका क्रमांकाला घरात एकच जागा. एक आत आली की दुसरी बाहेर, आणि ती बाहेरची मग कुठे असते, ते आमच्या कागदावर नाही.

मी चाचण्या घेतल्या. लहानपणी मी कुठून पडलो होतो, शाळेत कोणाचा डबा चोरला होता, बाबा पहिल्यांदा कधी रडले. ताईला सगळं आठवत होतं. मला आठवत नव्हतं तेही. एकदा म्हणाली, "काय रे, सारखं तपासतोस काय मला?" आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. हात कोमट होता, नेहमीचा.

मग मी स्वतःला समजावलं. आतली खरी असेल तर बटण दाबून मी तिला घालवेन. बाहेरची खरी असेल तर तिला मी घालवलंच आहे. बरोबर निघायची शक्यता निम्मी. निम्म्या शक्यतेवर माणसं लग्नं करतात. माझ्याने बटण दाबवेना. आज नको, तिचं काम चालू आहे. उद्या नको, तिची मीटिंग आहे.

प्रयत्न चालूच होते. पहिल्या आठवड्यात दर अकरा सेकंदांनी. विनाचार्जरचा लॅपटॉप फार तर पाच तास टिकतो, हे मी लोकांना रोज सांगतो. दुसऱ्या महिन्यात मिनिटाला एक. काड्या चार झाल्या, मग तीन. मी कामावर असताना, दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता, ते पान उघडून आकडा वाढेपर्यंत श्वास धरून थांबायचो. वाढला की समोरच्याला म्हणायचो, "हां बोला सर." तिसऱ्या महिन्यात तासाला एक. काडी एक.

ताई घरात असताना मी ते पान कधी उघडलं नाही. त्या पानाबद्दल मी तिला अवाक्षर बोललेलो नाही.

आज रविवार. ताई आईबरोबर बाजारात गेली. बाबा आत झोपले होते. मी टेबलाशी तिच्याच खुर्चीत बसलो. रात्रभर ठरवत होतो: निम्मी तर निम्मी. माझी बहीण बाहेर असेल तर निदान दार तरी उघडावं. मी पान उघडलं आणि काही वाचायच्या आत 'परत घ्या' दाबलं.

गोल फिरला. बराच वेळ फिरला.

*यंत्र आवाक्यात नाही.*

मग खालची ओळ वाचली. शेवटचा प्रयत्न: काल, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

काल चारच्या सुमाराला मी सोफ्यावर पेपर वाचत होतो आणि ताई इथेच काम करत बसली होती. मध्येच तिची बोटं थांबली. तिने मान जराशी कलती केली, लांबचं काही ऐकावं तशी. मग खुर्चीत मागे रेलून तिने मोठा श्वास सोडला.

"काय झालं गं?" मी विचारलं होतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "किती शांत वाटतंय ना आता?"